'धांदरट'ला इंग्रजीत काय म्हणायचं? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पायरीपायरीने

मी मूळचा परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीत. छत्रपती संभाजीनगरला आलो तेव्हा एका हॉटेलात नाश्त्याच्या हॉलमध्ये काम मिळालं. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले परदेशी पाहुणे तिथं उतरायचे. दुसऱ्याच आठवड्यात एका वयस्कर अमेरिकन बाईंचा कोपर लागला आणि कॉफीचा कप कलंडला. पांढऱ्या चादरीवर डाग पसरत गेला. कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "ओह, आय ॲम सच अ क्लट्स!"

मला शब्द कळला नाही. न कळलेल्या वाक्याला हसून 'येस मॅडम' म्हणायची सवय होती, तसंच म्हणालो. बाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या होत्या, "मी किती वेंधळी आहे बघा," आणि मी म्हणालो होतो, "हो, आहात." वरिष्ठांनी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की 'येस' म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून असे शब्द ऐकले की वहीत उतरवत गेलो. आता बीड, हिंगोली, जालन्याकडून नवीन मुलं-मुली कामाला येतात तेव्हा सुरुवातीला हेच शिकवतो. हॉटेलात, टॅक्सीवर, लेण्यांमध्ये गाईड म्हणून, वाळूजच्या कारखान्यात परदेशी इंजिनिअरसोबत किंवा फोनवर परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम असेल, तर हे शब्द कानावर पडणारच. वस्तू सगळ्यांच्याच हातून पडतात आणि पडली की माणूस काहीतरी बोलतोच.

काय काय लागेल

एक दोनशे पानी वही. फोनमध्ये शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात उच्चाराचं बटण असतं, आणि त्याहून मोलाची असते ती शब्दापुढची छोटी खूण: अनौपचारिक, ब्रिटिश, अमेरिकन, जुनाट, अपमानकारक. ती खूण वाचल्याशिवाय शब्द वहीत घ्यायचा नाही, एवढा एक नियम पाळा. कानाला लावायचा हेडफोन असेल तर बरं. एवढंच. क्लासची फी लागत नाही.

एक सावधगिरी. मराठीतून इंग्रजी शोधताना बरेच जण मोल्सवर्थच्या कोशावर पोचतात. १८३१ मध्ये पहिल्यांदा निघालेला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा छापलेला तो कोश मराठी शब्दांच्या छटा समजायला आजही सोन्यासारखा आहे. पण त्यातली इंग्रजी एकोणिसाव्या शतकातली आहे. तिथला इंग्रजी शब्द उचलून आजच्या पाहुण्याशी बोलू नका.

१. आधी मराठीत ठरवा: नेमकं काय चुकतंय?

नवशिक्यांची पहिली चूक इथंच होते. फोनवर धांदरट, वेंधळा, धसमुसळा, गबाळा यांतलं काहीही टाका, बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: क्लम्झी. आपल्याला हे चार शब्द चार माणसं दाखवतात. धांदरट घाई करतो. वेंधळ्याचं लक्ष ठिकाणावर नसतं. धसमुसळ्याच्या हातात गरजेपेक्षा जास्त जोर असतो. गबाळ्याचं राहणं नीट नसतं, सदऱ्याचा एक काज रिकामाच.

माणसाबद्दल वापरला तर इंग्रजी क्लम्झी हा शब्द मुख्यतः शरीराच्या हालचालीबद्दल असतो: हातपाय मनासारखे चालत नाहीत, म्हणून पडतं, सांडतं, आपटतं. त्यामुळे मित्र किल्ली घरी विसरून आला तर तो क्लम्झी नाही, ॲबसेंट-माइंडेड किंवा स्कॅटरब्रेन्ड आहे. गबाळ्याला स्क्रफी म्हणतात. धसमुसळ्याच्या जवळचा शब्द हेवी-हँडेड, पण जपून. साहेब कामगारांशी कडक वागतो, सरकार दडपशाही करतं, तिथंही हेवी-हँडेड हाच शब्द येतो.

म्हणून वहीत चार रकाने आखा: हात, पाय, अख्खं अंग, लक्ष. नवीन शब्द आला की आधी त्याचा रकाना ठरवा आणि मग अर्थ लिहा.

२. पाया पक्का करा: क्लम्झी

बाकी काही नाही आलं तरी हा शब्द आलाच पाहिजे. शेवटी 'झी', 'सी' नाही. हा फारसा बोचत नाही, अमेरिकन-ब्रिटिश दोघांनाही कळतो आणि बोलीत-लिखाणात दोन्हीकडे चालतो. आपल्या हातून काही सांडलं तर "हाऊ क्लम्झी ऑफ मी!" हे तयार वाक्य आहे. त्यात 'मी असाच आहे' असा अर्थ नसून 'आत्ता माझ्याकडून असं झालं' एवढाच आहे.

या शब्दाचं मूळ कळलं तेव्हापासून तो मला जवळचा वाटतो. मध्ययुगातल्या इंग्रजीतल्या ज्या शब्दापासून तो आला त्याचा अर्थ होता थंडीने बधिर होणं. रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. पौषात पहाटे तीनला बोटं अशी सुन्न होतात की तुषारचा पाइप पाइपात बसत नाही, टॉर्च हातातून निसटतो. त्या वेळचा तो हात म्हणजे क्लम्झी. अर्थ पाठ करण्याऐवजी तो हात आठवा, शब्द विसरणार नाही.

शिवाय हा शब्द माणसापुरता नाही. गैरसोयीचं अवजार, ओबडधोबड वाक्य, जमून न आलेली माफी, या सगळ्यांना क्लम्झी म्हणतात.

३. हाताचे शब्द

बटरफिंगर्स: ज्याच्या हातातून वस्तू निसटते तो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये झेल सुटला की आपण ओरडतो, "हाताला लोणी लावलंस का रे?" तीच कल्पना. इंग्रजीत ती फार जुनी आहे. १६१५ सालच्या, गृहिणींसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तकात चांगली गृहिणी लोणी लावल्यासारख्या बोटांची नसावी असं म्हटलं आहे. शब्द हलका आहे, दोस्तीतला आहे. दोन गोष्टी सांभाळा. माणूस एक असला तरी शेवटचा 'स' राहतो. आणि इंटरनेटवर 'स' न लावता शोधलात तर १९२३ पासून विकलं जाणारं एक अमेरिकन चॉकलेट समोर येईल; गोंधळू नका.

ऑल थम्ब्ज: हाताची पाचही बोटं म्हणजे नुसते अंगठे. १५४६ च्या एका म्हणींच्या संग्रहातही प्रत्येक बोट अंगठा असल्याची ही कल्पना आहे. सुईत दोरा ओवणं, साडीला पिना लावणं, फोनमध्ये सिमकार्ड बसवणं अशा बारीक कामात हात अडला की हे म्हणतात: "आय ॲम ऑल थम्ब्ज टुडे." ब्रिटिश माणूस हेच "ऑल फिंगर्स अँड थम्ब्ज" असं लांबवून म्हणतो. उच्चारात 'ब' नाही; एक अंगठा 'थम', अनेक 'थम्ज'. लिहिताना मात्र 'बी' येतो, म्हणून मीही थम्ब्ज लिहिलं आहे.

बटरफिंगर्स आणि ऑल थम्ब्ज यांत गल्लत करू नका. वस्तू पडली तर पहिला, बारीक काम जमलं नाही तर दुसरा.

हॅम-फिस्टेड: हॅम म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस, तेवढी जाड मूठ. अमेरिकेत हॅम-हँडेड म्हणतात. यात कौशल्य नसल्याचा ठपका आहे, म्हणून हा बटरफिंगर्सइतका निरुपद्रवी नाही. प्रकरण नीट हाताळलं नाही, अशा अर्थाने बातम्यांत बरेचदा भेटतो.

फॅट फिंगर: टाइप करताना शेजारचं बटण दाबलं जाणं. "सॉरी, फॅट-फिंगर्ड इट" असा मेसेज आला तर त्या माणसाच्या बोटांच्या जाडीचा काही संबंध नाही. शेअर बाजारात हा शब्द गंभीरपणे वापरतात. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी चुकीच्या ऑर्डरी गेल्यामुळे निफ्टी हा निर्देशांक काही क्षणांत सुमारे ९०० अंकांनी कोसळला होता. अशा गडबडीबद्दल वाचताना हा शब्द हमखास समोर येतो.

४. पायाचे शब्द, आणि एक शब्द जो आपला आहे

टू लेफ्ट फीट म्हणजे दोन्ही पाय डावे. हा नाचण्यापुरता आहे. चालताना ठेच लागणाऱ्याला लावू नका. लग्नात परदेशी पाहुण्याला वरातीत नाचायला ओढलं आणि तो म्हणाला, "आय हॅव टू लेफ्ट फीट," तर त्याला पायाचं दुखणं नाही. त्याला नाचता येत नाही, एवढंच तो सांगतोय. आमच्याकडच्या एका पोराने तातडीने खुर्ची आणून दिली होती.

आता क्लॉडहॉपर. क्लॉड म्हणजे ढेकूळ, हॉप म्हणजे उडी मारणं. हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आहे. नांगरलेल्या रानातून ढेकळांवरून पाय टाकत चालणारा नांगऱ्या म्हणजे क्लॉडहॉपर. शहरातल्यांनी त्याचं चालणं बघितलं आणि अडाणी, बेंगरूळ माणसाला हे नाव दिलं. जाडजूड बोजड बुटांनाही हेच म्हणतात.

मी या शब्दापाशी बराच थांबलो, कारण ते चालणं मला माहीत आहे. गोदावरी-पूर्णेकाठची आपली काळी जमीन उन्हाळ्यात नांगरली की डोक्याएवढी ढेकळं निघतात. वखराच्या पाळ्या घालून ती फुटेपर्यंत त्या रानात पाऊल सपाट पडत नाही. गुडघा उचलून, पाय फाकवून, टाच टेकवण्याआधी ढेकूळ हलतंय का याचा अंदाज घेत चालावं लागतं. डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन अशा रानातून बाया चालतात आणि कालवणाचा थेंब सांडत नाही. हा वेंधळेपणा नव्हे. जन्मभर असं चाललेला माणूस फरशीवर पाय फाकवून चालणारच, कारण त्याच्या पायांनी दुसरी जमीन शिकलेली असते.

तेव्हा हा शब्द वाचताना ओळखा, पण वापरू नका. बंपकिन आणि योकल हे शब्दही याच घरातले. आपल्या 'गावंढळ'चे भाऊ. असा शब्द तुमच्यासाठी कुणी वापरला, तर तो तुमच्या हातापायांबद्दल नसून तुमच्या गावाबद्दल बोलतोय, हे ध्यानात घ्या. त्याला द्यायचं उत्तरही वेगळं असतं. ते शेवटच्या पायरीत आहे.

५. अख्ख्या अंगाचे शब्द

क्लट्स हा अमेरिकन बोलीतला शब्द, मूळ यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला, अर्थ लाकडाचा ओंडका. स्पेलिंगच्या शेवटी झेड असला तरी उच्चार 'त्स' असाच. मराठीत माणसाला ठोंब्या म्हटलं की तो डोक्याने मंद ठरतो. क्लट्समध्ये डोक्याचा संबंध नाही, शरीर ओंडक्यासारखं वळतं एवढंच. अमेरिकन माणसं हा शब्द सर्वांत जास्त स्वतःबद्दल वापरतात. क्लट्सी हे त्याचं विशेषण.

बुल इन अ चायना शॉप. इथं आपली मुलं दोनदा अडकतात. चायना म्हणजे देश नव्हे, चिनी मातीच्या कपबश्या. आणि बुल म्हणजे आपला पोळ्याचा बैल नव्हे. शिवळांच्या मधून तोल सांभाळून चालणारा, तासाच्या बाहेर पाय न टाकणारा बैल इंग्रजीत बुलक किंवा ऑक्स. बुल म्हणजे वळू. वळू कपबश्यांच्या दुकानात शिरला तर काय होईल, तसा माणूस. नाजूक विषयावर धाडधाड बोलणाऱ्यालाही हे लागू होतं, आणि माझ्या कानावर तसंच जास्त पडलं आहे.

लमॉक्स आणि ओफ हे धिप्पाड, आडदांड माणसासाठी. दोन्ही बोचतात. ओफचं मूळ ऐकून ठेवा: तो एल्फ या शब्दाशी जोडलेला आहे. जे मूल इतरांसारखं वागत-चालत नाही ते आपलं नाहीच, पऱ्यांनी खरं मूल पळवून हे बदली ठेवलं, अशी जुन्या युरोपात समजूत होती. त्या बदली मुलाला ओफ म्हणत. म्हणून मी हा शब्द थट्टेतही उच्चारत नाही.

ॲक्सिडेंट-प्रोन म्हणजे ज्याला सारखं काही ना काही लागतं, खुपतं. साधा, सभ्य शब्द. कारखान्यात मात्र सहकाऱ्याबद्दल सुपरवायझरपुढे हा उच्चारू नका. सुरक्षेच्या कागदावर त्याची नोंद होऊ शकते.

६. कुणी, कुणाला: हीच खरी पायरी

इथवरचं सगळं फोनमध्येही मिळेल. पुढचं मला कुठं लिहिलेलं मिळालं नाही, ते टेबलांमधून फिरताना समजलं.

आपल्याकडे घरचं माणूस तोंडावर बोलतं. माझी आजी तांब्या पडला की म्हणायची, "हाताला काय भोकं पडलीत का रं?" त्यात माया असायची, राग क्वचित. इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये हे शब्द माणूस बहुतेक वेळा स्वतःवर घेतो. काही सांडलं की "आय ॲम सच अ क्लट्स" म्हणणं ही खरी कबुली नसते. समोरच्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून केलेली ती सोय असते, आणि त्यावर एकच अपेक्षा असते: तुम्ही ते नाकारावं.

म्हणून पाहुणा स्वतःला क्लम्झी, क्लट्स, बटरफिंगर्स काहीही म्हणाला तर 'येस' नको, मानही डोलवू नका. ही तीन वाक्यं पाठ करा:

"नॉट ॲट ऑल." अजिबात नाही.
"इट हॅपन्स टू एव्हरीवन." सगळ्यांचंच होतं असं.
"लेट मी गेट दॅट फॉर यू." राहू द्या, मी बघतो.

तिसरं सगळ्यांत चांगलं, कारण ते म्हणत म्हणत तुमचा हात फडक्याकडे गेलेला असतो. शब्द कळला नाही तरी हे वाक्य चुकत नाही. त्या दिवशी मला हेच हवं होतं.

उलट बाजू. तुमच्या हातून पाहुण्याच्या अंगावर काही सांडलं, तर स्वतःला क्लट्स म्हणू नका. गरम चहा ज्याच्या अंगावर पडलाय त्याला तुमच्या स्वभावाशी देणंघेणं नसतं. "आय ॲम सो सॉरी. आर यू हर्ट?" आधी हे, मग कापड, मग बाकीचं. नोकरीच्या मुलाखतीत 'तुमची कमजोरी सांगा' म्हटल्यावरही हे शब्द टाळा. मोकळेपणा म्हणून बोलायला जाल आणि समोरचा लिहून घेईल.

दुसऱ्याला हे शब्द म्हणायचे असतील तर फक्त अगदी जवळच्या, बरोबरीच्या माणसाला. त्यातही बटरफिंगर्सच्या पुढे जाऊ नका.

७. माणसाला नाव ठेवण्यापेक्षा घडलं ते सांगा

रोजच्या कामात वरच्या नावांपेक्षा पाच क्रियापदं जास्त लागतात. स्पिल: सांडणं. ड्रॉप: हातातून पडणं. नॉक ओव्हर: उभी वस्तू धक्का लागून आडवी होणं. ट्रिप ओव्हर: पायात काही येऊन अडखळणं. बंप इन्टू: धडकणं.

इथं मराठी डोक्याची एक खास अडचण आहे. आपण म्हणतो, "माझ्या हातून ग्लास पडला." "मी ग्लास पाडला" म्हटलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं. तीच धास्ती घेऊन आपली मुलं इंग्रजीत म्हणतात, "द ग्लास फेल फ्रॉम माय हँड." ऐकणाऱ्याला वाटतं, हा जबाबदारी ग्लासवर ढकलतोय. इंग्रजी ड्रॉपमध्ये मुद्दामपणा गृहीत नसतो. "सॉरी, आय ड्रॉप्ड द ग्लास" हे सरळ, प्रामाणिक वाक्य आहे आणि त्याचा अर्थ बरोबर आपल्या 'हातून पडला' एवढाच होतो. हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणा. जीभ अडते ती पहिल्या शब्दावर.

आणि "आय फेल द ग्लास" असं कधीच नाही. फॉल म्हणजे आपण स्वतः पडणं.

गाईडचं काम करणाऱ्यांसाठी: अजिंठ्याच्या पायऱ्यांवर कुणी अडखळलं तर काही नाव घेऊ नका, पुढच्या पायरीआधी "वॉच युअर स्टेप" म्हणा. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत शिरण्यापूर्वी "माइंड युअर हेड". माइंड ब्रिटिशांच्या तोंडी जास्त, वॉच अमेरिकनांच्या. दोघांनाही दोन्ही कळतात.

८. तोंडातून काढायचेच नाहीत असे

स्पॅझ हा पहिला. जुन्या अमेरिकन सिनेमांत धडपड्या माणसाला सहज म्हटलेला ऐकू येतो आणि आपली मुलं तिथूनच उचलतात. तो स्पास्टिक या शब्दाचा तुकडा आहे; सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या माणसांसाठी वापरला जाणारा वैद्यकीय शब्द, ज्याची पुढे शिवी झाली. ब्रिटनमध्ये तर ती इतकी जहरी झाली की या लोकांसाठी काम करणाऱ्या स्पास्टिक्स सोसायटी या संस्थेने १९९४ मध्ये नावच बदलून स्कोप केलं.

कॅक-हँडेड हा दुसरा, ब्रिटिश. अर्थ वेंधळा आणि डावखुरा, दोन्ही. डावखुऱ्यांना तो लागतो. डाव्या हाताची ही दुष्मनी तिकडेही जुनीच: गोश हा सभ्य शब्द, चारचौघांत कसं वागावं हे न कळणाऱ्यासाठी, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच डावा. दोन डावे पाय वर आलेच. आपणही पंगतीत डाव्या हाताने वाढणाऱ्या पोरीला टोकतो आणि सरस गोष्टीला उजवी म्हणतो. डावखुऱ्या पाहुण्याने डाव्या हाताने पैसे दिले तर बघत राहू नका.

आणि एक गोष्ट शिक्षकांसाठी, आईबापांसाठी. काही मुलांचा हात वळत नाही तो निष्काळजीपणामुळे नाही. डिस्प्रॅक्सिया नावाची अडचण असते. मेंदू आणि हालचाल यांचा मेळ बसायला अशा मुलांना जास्त कष्ट पडतात. शाळकरी वयात साधारण ५ ते ६ टक्के मुलांना ती असते असं मानलं जातं. पूर्वी डॉक्टरसुद्धा याला 'क्लम्झी चाइल्ड सिंड्रोम' म्हणत. ते नाव आता मागे पडलं आहे. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली डिस्प्रॅक्सियाचं नाव घेतलेलं आहे. बुटाची नाडी, कंपासपेटी, सायकल, जेवणाचं ताट, सगळीकडेच मूल अडत असेल तर 'धांदरट' म्हणणं थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वर्गात अशा मुलाला क्लट्स हे नवं नाव शिकवून येऊ नका.

९. अमेरिकन की ब्रिटिश?

थोडक्यात सांगतो. क्लट्स, ऑल थम्ब्ज, हॅम-हँडेड, लमॉक्स अमेरिकेकडचे. ऑल फिंगर्स अँड थम्ब्ज, हॅम-फिस्टेड, कॅक-हँडेड ब्रिटनकडचे. क्लम्झी, बटरफिंगर्स, टू लेफ्ट फीट, ॲक्सिडेंट-प्रोन दोन्हीकडे. पाहुणा कुठला हे कळत नसेल तर दोन्हीकडच्यांतच राहा. जपानी, कोरियन, जर्मन पाहुण्यांनीही इंग्रजी आपल्यासारखीच शिकलेली असते. त्यांच्याशी फक्त क्लम्झी, आणि शक्यतो तोही नको.

१०. तुम्हाला कुणी म्हणालं तर

बरोबरीचा मित्र "हे, बटरफिंगर्स!" म्हणाला तर हसून सोडून द्या, ती मैत्रीची खूण आहे.

वरिष्ठ चिडून "डोन्ट बी सो क्लम्झी" म्हणाले तर खुलासा नको. "सॉरी, आय विल बी मोअर केअरफुल" एवढं पुरतं. चूक तुमची नसेल, म्हणजे ट्रेचा कडाच तुटका होता किंवा फरशी ओली ठेवली होती, तर लगेच सांगा: "द ट्रे इज ब्रोकन, सर. आय नीड अनदर वन." मी हे वाक्य पहिल्या वर्षी कधी म्हणालो नाही आणि दोन वेळा पगारातून पैसे कापून घेतले.

कुणी क्लॉडहॉपर, बंपकिन असलं काही म्हटलं, तर तिथं सॉरी म्हणायचं नाही. आवाज न चढवता विचारायचं, "व्हॉट डू यू मीन बाय दॅट?" आणि त्याच्याकडे बघत थांबायचं. मी हा प्रश्न एकदाच विचारला आहे. समोरच्याने आधी शब्द मागे घेतला आणि नंतर गाव कुठलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, परभणी जिल्हा, काळी जमीन, आमची आठ एकर आहे.